तासाची किल्ली

हसू नका. ही माझ्या मेव्हण्याच्या ऑफिसातली गोष्ट आहे, आणि खोटं रचून सांगण्याइतका मेव्हणा हुशार नाही. हुशार दुसराच होता. त्याला सगळे 'हुशार' म्हणूनच हाक मारायचे आणि तो गाढव ते कौतुक समजायचा.

मोठ्या इस्पितळाचा कॉम्प्युटर विभाग. पेशंटच्या नोंदी, रक्तपेढी, औषधांचा साठा, सगळं कुलूपबंद. किल्ल्या देणारं एक सॉफ्टवेअर होतं, त्याला तिजोरी म्हणत. ज्याला काम असेल त्याने नाव आणि कारण लिहून टोकन, म्हणजे ती किल्ली, मागायचं. तिजोरी तिथल्या तिथे नवं टोकन बनवून देणार, आणि एका तासात ते मरणार. अजून हवंय? पुन्हा मागा. प्रत्येक मागणीची नोंद व्हायची आणि ती कुणालाही पुसता यायची नाही. ही शिस्त लावली ती तिथल्या एका म्हाताऱ्याने. किल्लीकाका.

"दर तासाला कोण मागत बसणार? भिकारी आहे का मी?" असं हुशार म्हणायचा. एकदा काका मुलीचा फोन घ्यायला बाहेर गेले, तेवढ्यात त्याने त्यांच्या मशीनवरून कधीच न संपणारं टोकन बनवलं. वर ते स्वतःच्या एका फाईलमध्ये उघडं ठेवून दिलं. अकलेचं दिवाळं, दुसरं काय! कुणीतरी ते उचललं आणि हजारो पेशंटच्या नोंदी बाहेर गेल्या. टोकनवर नाव काकांचं. काकांना घरी बसवलं. चौकशीत हा मान हलवत म्हणाला, "वय झालंय हो त्यांचं."

दोन महिन्यांत काका गेले. श्वास मिळेना, म्हणून गेले.

पुढे शुक्रवारी बाहेरचे तपासनीस येणार असं कळलं. ती फाईल सापडली असती तर हुशारची नोकरी जाणार होती, वर पोलीस. म्हणून गुरुवारी रात्री दहा चाळीसला स्वारी शीळ घालत ऑफिसात आली. टोकन रद्द करायचं, फाईल पुसायची आणि घरी जाऊन झोपायचं, एवढंच काम.

त्याने टोकन रद्द केलं. पडद्यावर लगेच नवी ओळ आली. देणारा : काका.

"मेला तरी खोड जात नाही म्हाताऱ्याची," हुशार हसला. त्याने काकांचं खातंच बंद केलं.

पुन्हा ओळ... देणारा : काका. मागणाऱ्याच्या जागी हुशारचं नाव. वेळ दहा बावन्न. मुदत एक तास. आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द.

श्वास.

त्याने मशीनची वायर उपटली. फाईल तशीच राहिली. घरी पळाला.

अकरा बावन्नला छाती आवळली.

"अहो... अहो, काय होतंय?" बायको ओरडली.

बोलायला श्वास कुठे होता? रांगत लॅपटॉपपर्यंत गेला. नाव टाकलं. कारण टाकलं. मागितलं...

मिळालं. एक तास.

बारा बावन्न. पुन्हा.

एक बावन्न...

सकाळी डॉक्टरांनी तपासलं. काही सापडलं नाही. तो लॅपटॉप छातीशी धरून ऑफिसात आला. तपासनिसांना फाईल मिळाली होती. त्यांनी फर्मावलं, साडेचारला विभागातली सगळी खाती बंद.

हा त्यांच्या पायांवर पडला. "माझं नको... मला तासातासाला लागतं."

"कशासाठी?"

त्याने लॅपटॉप छातीशी आणखी घट्ट धरला.

"बरं, ही फाईल कुणाची?"

सगळे ऐकत होते. माझा मेव्हणाही. फक्त 'माझी' म्हणायचं होतं. तिथे काकांची मुलगीही आली होती, बापाचं नाव धुऊन निघेल या आशेने. हुशारने तिच्याकडे पाहिलं... आणि म्हणाला, "काकांची."

चार तीसला खाती बंद झाली.

चार बावन्नला... खुर्चीतच.

थुंकावंसं वाटतं मला अशा माणसावर.

त्याचं खातं आता उरलेलं नाही. मशीनही भंगारात गेलं. पण मेव्हणा रात्रपाळीला असला की नोंदी बघतो. दर तासाला, बावन्नाव्या मिनिटाला, एक ओळ येते. मागणारा : हुशार. कारण : श्वास.

आणि तिच्याखाली काकांच्या नावाने एकच शब्द.

नाकारलं.

किती वाजले रे?... त्रेपन्न? मग आत्ताच आली असेल.