धुतलेला हिरवा मासा

"आई, प्लीज! त्या पेटीला हात लावू नकोस!"

अनीशचा आवाज एवढा चढला, की हातातला चहाचा ट्रे सांभाळत उल्का जागीच थबकली. डब्लिनच्या त्या प्रशस्त घरात, ऐन खंडेनवमीच्या दुपारी, परक्या माणसासमोर पोटच्या मुलाने असं बोलावं...! पण चार वर्षांत तिला सवय झाली होती. टेबलावर तिच्या दिवंगत पतीची, रवींद्रची, पेटी उघडी होती आणि तिच्यात एकतीस लाकडी मासे होते. मोठ्या माशाला भुलवण्यासाठी दोरीला बांधून तळ्यात सोडायचे, इथल्या जुन्या कारागिरांनी हाताने रंगवलेले हे मासे रवींद्रने गराज सेलमधून एकेक करून जमवले होते.

समोर बसलेल्या व्यापाऱ्याने एक हिरवा मासा पुढे ठेवला होता. लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून अनीशने ज्याच्या जोरावर आयुष्यातला पहिला मासा पकडला, अगदी तस्साच! आणि या एकाच्या बदल्यात तो आख्खी पेटी देऊन टाकायला निघाला होता.

मूळचा हिरवा मासा चार वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला गेला. अदितीला नागपूरहून सून म्हणून येऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. आज हत्यारांची, अवजारांची पूजा, मग सासऱ्यांच्या वस्तूंचीही व्हायला हवी, म्हणून त्या पोरीने मोठ्या भक्तिभावाने तो मासा समईसारखा गरम पाण्यात, साबण लावून, ब्रशने लख्ख घासला... आणि सगळा जुना रंग सिंकमध्ये वाहून गेला! अनीशची गाडी गराजमध्ये शिरल्याचा आवाज आला, तशी ती मासा पाठीमागे लपवू लागली. उल्काने मासा तिच्या हातातून काढून घेतला आणि मुलगा आत येताच सांगून टाकलं, "मी धुतला."

"बाबांची एवढीच किंमत होती तुला?" त्याने विचारलं होतं. तो घाव तिने मुकाट्याने सोसला. नव्या संसाराला तडा जाण्यापेक्षा आपल्या काळजाला गेलेला परवडला, असं तिने ठरवलं होतं, आणि त्या निर्णयाचा तिला क्षणभरही पश्चात्ताप झाला नव्हता.

मात्र एक गोष्ट अनीशला ठाऊकच नव्हती. तो कॉलेजला गेल्यावर रविवारच्या रिकाम्या घरात उल्का आणि रवींद्र दोघं मिळून हे मासे पारखायला शिकली होती, आणि मासा अस्सल आहे की नाही, याचा शेवटचा शब्द रवींद्रचा नव्हे, उल्काचा असायचा! आता बोलावं, तर हे गुपित फुटणार. गप्प बसावं, तर रवींद्रचं सारं आयुष्य त्या पेटीसकट दाराबाहेर जाणार. तिने ट्रे खाली ठेवला, चष्मा चढवला आणि हिरवा मासा सरळ उचलला.

"अनीश, हा रंग नवा आहे."

"आई, तुला यातलं काय कळतं?"

"इकडे बघ. लाकडाच्या भेगा जुन्याच आहेत, पण रंग त्या भेगांच्या आत उतरलाय. म्हणजे भेगा आधी पडल्या, रंग नंतर लागला. आणि हे पोटाखाली लोंबणारे गळ बघ, गंजलेत. इतकी वर्षं पाण्यात झुलले असते, तर पोटावर कमानीसारखे ओरखडे पडले असते. पोट कोरं करकरीत आहे! काचेच्या डोळ्याच्या कडेलासुद्धा हिरवा थेंब राहिलाय."

तेच तिने शांतपणे त्या माणसाला इंग्रजीत सांगितलं. त्याने वाद घातला नाही. मासा खिशात घालून, चहा तसाच टाकून तो निघून गेला.

अनीशने पेटी स्वतःकडे ओढून घेतली.

"आई... तुला हे कधीपासून येतं?"

"तू कॉलेजला गेलास तेव्हापासून."

"म्हणजे तेव्हाही तुला माहीत होतं... की यांना पाणी, साबण काही लावायचं नसतं?"

उत्तर आलं ते फ्रिजजवळ उभ्या असलेल्या अदितीकडून, हुंदक्यांतून.

"मी धुतला होता, अनीश! आईंनी नाही... मला बोलायचा धीरच झाला नाही, आणि त्यांनी कधी बोलूही दिलं नाही!"

"चार वर्षं, आई!" अनीश तिच्या पायांशी बसला. तिच्या गुडघ्यांना डोकं टेकून तो लहान मुलासारखा रडू लागला. "मी काय काय बोललो तुला... आणि तू ऐकून घेतलंस!"

"तिच्यावर चिडला असतास, तर ती परत गेली असती. माझ्यावर चिडून तू कुठे जाणार होतास?" त्याच्या केसांतून हात फिरवत उल्का म्हणाली. तिचेही डोळे भरून वाहत होते, पण आवाज खणखणीत होता. "ऊठ आता, पूजा व्हायचीय."

अदितीने डोळे पुसत हळदकुंकवाची कुयरी आणली आणि पेटीपाशी येऊन तिचा हात अडखळला.

"यांना नाही, डाग पडतील. कुंकू पेटीला लाव," उल्का म्हणाली. मग देव्हाऱ्यामागून तिने रुमालात जपलेला, पांढुरका, रंगहीन मासा काढला आणि सुनेच्या तळहातावर ठेवला. "आणि एक बोट याला. याचं जे जायचं होतं, ते गेलंय."