अंगुस्तानाची खूण

मेहकला भ्यायला निमित्त लागायचं नाही. पाल दिसली तरी भ्यायची, शिवणक्लासच्या बाईंनी नुसतं नाव घेतलं तरी भ्यायची. त्यामुळे बेकरीच्या भट्टीपाशी एका अनोळखी मुलाने तिच्यापुढे मूठ उघडली, तेव्हा ती दोन पावलं मागेच सरली.

तळहातावर तिचं अंगुस्तान होतं… शिवताना बोटात घालायची पितळी टोपी. भाजून काळी पडलेली.

"तुमच्या बिस्किटांत निघालं, पावणं," तो म्हणाला. "खुसखुशीत झालंय का बघा की चावून!"

त्या गल्लीत घरचं पीठ मळून बेकरीत भाजून आणतात. कुणाची बिस्किटं कुठली ते कळावं म्हणून जो तो वर आपली खूण उठवतो. कुणी काट्याने, कुणी किल्लीने. मेहक अंगुस्तानाने गोल उठवायची, आणि ते अंगुस्तानच ती पिठात विसरली होती. भट्टीवरच्या झिशानशी ओळख झाली ती अशी.

मग दर गुरुवारी ती शेंगदाणा-काजूची बिस्किटं घेऊन जाऊ लागली. घरात खाणारी माणसं तीन. "दुकान काढायचं हाय व्हय गं?" अम्मीने विचारलं, तर मेहक नुसती लाल झाली.

बिस्किटांचा पत्रा भट्टीतून बाहेर आला की पहिलं बिस्कीट झिशानला. तो ते रुमालात गुंडाळून खिशात ठेवायचा. "नंतर खातो… सवडीनं." आणि असा बघायचा, की तिला पुढचं काही विचारायचं सुचायचंच नाही.

घरी आल्यावर मात्र तिला वाटायचं… आवडत नसतील. टाकून देत असेल. बिस्कीट टाकणारा माणूस बिस्किटं करणारीला कुठला मनात ठेवतोय!

अशात क्लासची सहल शाहूवाडीच्या डोंगरात निघाली. झिशानची बहीण रुबीना नुकतीच क्लासला आली होती, म्हणून गाडी बेकरीची आणि चालवायला झिशान. मेहकने डबा भरून बिस्किटं घेतली आणि मनाशी ठरवून टाकलं… आज समोर खायला लावायचं. नाही खाल्लं तर काय ते समजायचं.

ओढ्याकाठी सतरंजी पसरल्यावर तिने एक त्याच्यापुढे धरलं.

"आत्ता खायचं. माझ्यासमोर."

झिशानचं हसू मावळलं. त्याने एकदा बिस्किटाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"खातो की… हात धुऊन येतो." बिस्कीट रुमालात घेऊन तो ओढ्याच्या वळणाआड गेला.

तेवढ्यात रुबीनाने एक बिस्कीट तोंडात टाकलं आणि थबकली. "शेंगदाणा हाय व्हय गं यात? भाईला दिलं न्हाईस न्हवं?"

"का?"

"अगं, त्याला चालत न्हाय! पाचवीत चिक्कीचा तुकडा खाल्लता, तर गळा सुजून श्वासच बंद पडलाता. दोन दिवस आयसीयूत हुता!"

मेहक ताडकन उठली. फोनला रेंज नव्हती. दवाखाना मलकापुरात, अर्ध्या तासावर, आणि गाडी चालवता येणारा एकटा तोच. रुबीना औषध शोधायला गाडीकडे पळाली, मेहक ओढ्याकडे. चप्पल निसटली, ओढणी काट्यात अडकून फाटली. माझ्या हाताने दिलं… माझ्या हाताने…

वळणापलीकडे खडकावर तो उताणा पडला होता. डोळे मिटलेले.

"झिशान! थुंक! थुंक आधी!" तिने त्याची कॉलर धरून गदागदा हलवलं.

तो दचकून उठला. "काय झालं? वाघ आला का काय?"

त्याच्या छातीवर रुमाल होता. रुमालात अख्खं बिस्कीट… वरचा गोलही मोडला नव्हता. मेहक मटकन खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली.

"खाणार हुतो," तो हळूच म्हणाला. "तोंडापाशी नेलंतं बी. मग भ्यालो. म्हटलं, मला काय झालं तर ही जन्मभर स्वतःला दोष देत बसंल."

"आधीच सांगायला काय झालतं?"

"सांगितलं असतं, तर गुरुवारी परत आली असतीस?"

मागून रुबीना धापा टाकत आली. हातात पत्र्याचा डबा. "भाई, औषध सापडंना! सीटखाली नुसता हा डबा हाय… यात बिस्किटंच हायत!"

आठ गुरुवारची आठ बिस्किटं. प्रत्येकावर अंगुस्तानाचा गोल.

"खाता येईनात," झिशान खाली बघत म्हणाला, "आणि दुसऱ्याला द्यायला जीव हुईना. तुझी हायत म्हणून."

रुबीनाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि डबा घेऊन माघारी गेली.

झिशानने हात पुढे केला. मेहकने आपला उचलला… आणि झटकन मागे घेतला.

"थांब. माझ्या हाताला शेंगदाणा हाय."

ती ओढ्यात गुडघाभर उतरली. कोपरापर्यंत हात चोळले, वाळूने घासले, वास घेऊन पाहिला, पुन्हा घासले. भीती अजून गेली नव्हती. काठावर तो हात तसाच पुढे धरून उभा होता.

तिसऱ्यांदा हात धुऊन ती वर आली, आणि मग तिने त्याचा हात धरला.