मुलतानीची तालीम

वर्ध्याजवळच्या सेलूला आम्ही तिघं एकत्र आलो ते सत्काराच्या निमित्तानं. मी पुण्यात गाते आणि शिकवते. देवेंद्र तबल्याच्या कार्यक्रमांसाठी अर्धं वर्ष परदेशात असतो. नमिता नागपूरच्या एका कॉलेजात संगीत विभागाची प्रमुख आहे. तिघंही कृष्णकांत सरांच्या विद्यालयातून निघालेले. सर गेल्या पोळ्याला गेले. विद्यालय बंद पडू नये म्हणून त्यांच्या पत्नीनं, यशोदाकाकूंनी, नाव काढलेल्या विद्यार्थ्यांचा सत्कार आणि कार्यक्रम ठरवला होता. कार्यक्रम संध्याकाळी. त्याआधी दुपारी आमची तालीम.

विद्यालयाचा हॉल जिनिंगच्या आवाराला लागून आहे. लांबट खोली, एकच दार, खिडक्यांच्या जाळीला कापसाचे पुंजके चिकटलेले, आणि सगळीकडे सरकीचा वास. फेब्रुवारीतच ऊन चटकायला लागलं होतं. आम्ही सतरंजीवर बसलो. नमितानं पेटी पुढ्यात ओढली.

"तू गात का नाहीस कधी?" देवेंद्रनं तिला विचारलं.

"सरांनी पेटीवर बसवलं, ते बसवलं," ती हसून म्हणाली. ती खरं म्हणजे गाणं शिकायला आली होती. तिचा आवाज आमच्यापेक्षा चांगला होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

काकू दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. "मुलतानी म्हण ना, इला," त्या म्हणाल्या. "सर गेले त्या दिवशी तेच शिकवून राह्यले होते. मधातच राह्यलं पाहा."

वेळ मुलतानीचीच होती. मी फोनवर तानपुरा लावला, फोन मांडीजवळ ठेवला. देवेंद्रनं विलंबित, अगदी संथ एकताल धरला. सरांनी शिकवलेलीच बंदिश मी घेतली आणि मुखडा घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आले.

हॉल छान बोलत होता. काही खोल्या सुराला धरतात, काही सांडून देतात, ही धरणारी. मी रमले. आलाप झाले, बोलआलाप झाले. मध्येच फोनचा पडदा उजळला. मुलीचा फोन होता. असा फोन आला की तानपुरा आपोआप थांबतो, रोजचा अनुभव आहे. तो थांबला नाही. पडदा उजळून विझला आणि षड्ज तसाच भरून राहिला.

काहीतरी बिघाड असेल, असं वाटून मी गाणं आवरतं घ्यायचं ठरवलं. तिहाई घेतली, समेवर आले, देवेंद्रकडे पाहून मान हलवली. आमच्यात ती थांबायची खूण.

ठेका पुढे गेला.

तो गंमत करतोय असं वाटलं. पुढच्या समेला मी हात वर केला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. बोटं वाजत होती, पण तो त्यांच्याकडे दुसऱ्याच्या बोटांकडे बघावं तसा बघत होता.

मग मी गप्प बसायचं ठरवलं. नुसतं तोंड मिटायचं होतं. ते मिटेना. मुखडा माझ्या गळ्यातून परत उठला, बरोबर त्याच मात्रेवर, सुरेल.

तेवढ्यात विद्यालयाची झाडलोट पाहणारे कवडूभाऊ चहाचा ट्रे घेऊन आत आले. त्यांनी कप आमच्यापुढे ठेवले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहून गात होते. देवेंद्रचा डग्गा घुमत होता. कवडूभाऊ जरा वेळ उभे राहिले, मग काकूंकडे वळून म्हणाले, "हे असे बसून काऊन राह्यले जी? सुरूच नाई करत."

"करतील," काकू म्हणाल्या.

"इला ताई, चहा घ्या ना. थंडा होऊन राह्यला."

मला उठून त्यांचा हात धरायचा होता. माझा उजवा हात पंचमाची जागा दाखवत संथपणे हवेत फिरत होता. कवडूभाऊ मान हलवत निघून गेले. चहावर साय धरली.

मी गाणं मोडायचं ठरवलं. मुलतानीत शुद्ध रिषभ लावला की सगळं विस्कटतं. सर असताना कुणी चुकून लावला तर ते पेटी बंद करायचे. मी सगळं बळ लावून तो लावला. कोमलच लागला. इतका नेमका मला आयुष्यात लागला नव्हता. दाराशी काकूंनी डोळे मिटून दाद दिली.

त्या ऐकत होत्या.

घसा कोरडा पडला होता, पण आवाज थकत नव्हता. देवेंद्रच्या बोटांना रक्त आलं होतं. तबल्याच्या शाईवर त्याचे डाग उमटत होते. उन्हाची तिरीप भिंतीवरून तसूभरही हलली नव्हती.

नमिता रडत होती. तिचा हात भात्यावर चालूच होता. तिनं आधी देवेंद्रच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नको म्हणून मान हलवायचा प्रयत्न केला. तिला काय सुचलंय ते मला कळलं होतं.

मुखडा आला. मी उचलायच्या आत तिनं तो उचलला.

इतक्या वर्षांत तिचा गाता आवाज मी ऐकला नव्हता. एवढंच आठवतं की तो समेवर आला आणि माझं तोंड मिटलं.

देवेंद्रचे हात तबल्यावरून गळून पडले.

शांतता झाली. जिनिंगचं यंत्र ऐकू आलं, रस्त्यावरची एसटी ऐकू आली. फोनमधला तानपुरा बंद होता.

"नमिता," मी म्हटलं.

तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. भाता हलत होता, पेटीतून काहीच येत नव्हतं. मी तिचे खांदे धरून हलवले. तिच्या डोळ्यांत मी दिसत होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती.

"राहू दे तिले," काकू म्हणाल्या. "किती चांगलं म्हणून राह्यली."

देवेंद्रनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्ही दोघांनी नमिताला उचललं आणि गाडीत घालून वर्ध्याच्या एका दवाखान्यात आणलं. वाटेत ओठ हलायचे थांबले. डोळे उघडेच होते.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. नागपूरला तिच्या नवऱ्याला कळवलं, तो निघाला. "घाबरण्यासारखं काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाले, "धक्का बसलाय कसलातरी. फक्त नाडी फार संथ आहे, आणि ठोके सारखे नाहीत. एक जोरात, एक हलका. पाहतो आम्ही."

ते गेल्यावर देवेंद्र खाटेजवळ बसला. पट्ट्या बांधलेल्या बोटांनी त्यानं नमिताचं मनगट धरलं आणि डोळे मिटले. त्याचे ओठ मात्रा मोजत होते. मग डोळे न उघडताच त्यानं दुसरा हात माझ्याकडे केला.

मी माझा हात दिला. त्यानं माझीही नाडी धरली. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"काय झालं?" मी विचारलं आणि हात सोडवायला लागले.

"थांब," तो म्हणाला. "अजून सम यायची आहे."