चंपाची धार आणि माझी पोस्टिंग

"हात काढा आधी!"

साईनाथशी मी बोललेलं पहिलं वाक्य हे. आता सांगताना मलाच हसू येतं, पण तेव्हा मी खरंच भडकले होते. हॉस्पिटलच्या ओपीडीत गेनबा आजोबा स्टुलावर बसले होते, आणि त्यांचा हा उंच, सावळा नातू वाकून त्यांच्या शर्टाची बटणं भराभर लावत होता.

"अहो, बटणं त्यांनी लावायची आहेत. त्याचीच तर थेरपी चाललीय!"

"सॉरी मॅडम," तो म्हणाला आणि हसला... गालाला खळी पडते, हे नको तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मी वल्लरी. ऑक्युपेशनल थेरपीच्या शेवटच्या वर्षाला. अर्धांगवायूनंतर आजोबांचा उजवा हात लुळा पडला होता. तो पुन्हा रोजच्या कामाला लावायचा, ही माझी केस. सहा आठवड्यांच्या या हॉस्पिटल-पोस्टिंगच्या शेवटी आमच्या परीक्षक दीपाली मॅडमसमोर आजोबांनी एक काम स्वतःच्या हाताने करून दाखवलं नाही, तर अख्खी पोस्टिंग पुन्हा! मी बटणं निवडली. पुस्तकात पहिलं उदाहरण तेच होतं.

तीन आठवडे झाले, पण आजोबा बटणाला हात लावतील तर शपथ. "ऱ्हाऊ दे पोरी," म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. मी मात्र रोज साईनाथची वाट बघायला लागले होते — म्हणजे, आजोबांची.

"चिडलात की तुमचं नाक लाल होतं," एकदा तो म्हणाला.

"पेशंटच्या नातेवाइकांनी थेरपिस्टच्या नाकाकडे बघू नये."

"मग कुठं बघू?"

"भिंतीवर मणक्याचा तक्ता आहे. तो बघत बसा."

त्या दिवशीही आजोबांनी मान फिरवली, तेव्हा मला रडूच यायला लागलं. साईनाथ चाचरत म्हणाला, "मॅडम, रागावणार नसाल तर... आजोबांनी जन्मात बटणाचा शर्ट घातला नाही. नाड्यांची बंडी घालतात. हा शर्ट मी दवाखान्यासाठी आणला."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंच नाही ना."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. रोज ज्यांचा हात हातात घेत होते, त्यांना काय हवंय हे मी एकदाही विचारलं नव्हतं! मी आजोबांसमोर खाली बसले. "आजोबा, या हाताने काय करायचंय तुम्हाला?"

त्यांचे डोळे लकाकले. "चंपाची धार काढायची हाय. दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत न्हाई म्हस माझी."

मग काय! रबरी हातमोज्यात पाणी भरलं, मोज्याच्या बोटांना टाचणीने भोकं पाडली. मोजा साईनाथने धरायचा आणि अंगठा कसा दाबायचा ते आजोबांनी मला शिकवायचं. पहिल्याच दिवशी माझी धार थेट साईनाथच्या तोंडावर!

"नेम चांगला आहे," तो चेहरा पुसत म्हणाला. आजोबा खो खो हसले, आणि हसता हसता त्यांनी मोज्याभोवती बोटं मिटली.

तीन आठवड्यांनी परीक्षा झाली ती आजोबांच्या गोठ्यात. कात्रजच्या पुढे, तिन्ही बाजूंना टॉवर, मध्ये चंपा. दीपाली मॅडम शेणातून चपला सांभाळत उभ्या राहिल्या. आजोबांनी कासेला हात लावला... काहीच नाही. अंगठा घसरला. साईनाथचा हात नकळत पुढे गेला — मी त्याचं मनगट धरून मागे ओढलं.

आणि चुर्र! बादलीत धार वाजली. आजोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, चंपा निवांत रवंथ करत होती.

मॅडमनी तिथेच केस-पेपरवर सही केली. "पास. केस संपली. आणि वल्लरी, आता त्याचं मनगट सोडलंस तरी चालेल."

मी शरमून हात सोडला. मॅडम गाडीकडे गेल्या.

साईनाथ जमिनीकडे बघत म्हणाला, "आजोबा बरे झाले, लई आनंद झाला. पण उद्यापासून ओपीडीत यायला मला कारणच उरलं नाही... त्याचं वाईट वाटतंय."

"मला तुम्ही आवडता, साईनाथ," मी म्हणून टाकलं. "एवढं कारण पुरेल?"

त्याने चंपाचं दावं सोडलं, पुन्हा बांधलं, पुन्हा सोडलं.

म्हशीच्या आडून आजोबांचा आवाज आला, "आरं, पुरंल म्हण की! ते बी मीच करू व्हय?"