गंजलेल्या इंजिनाचे नऊ दिवस

गोठ्याला वळसा घालून डर्व्हला नावाची तरुणी मागे आली, तर एक अनोळखी माणूस तिच्या वडिलांच्या ट्रॅक्टरमध्ये चहाच्या किटलीतून काहीतरी ओतत होता. ती जागीच थिजली.

"कोण तुम्ही?"

"मॅलकी. समोरच्या शेतावरचा." त्याचे कान लाल झाले. "इंजिन जाम झालंय. पिस्टन गंजून चिकटलेत. डिझेल आणि तेल मुरवतोय."

"कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही."

तिने त्याला हाकललं नाही. लिव्हरपूलहून ती आयर्लंडच्या लिट्रिम भागातलं, वडील गेल्यापासून बंद असलेलं हे घर विकायला आली होती आणि पुढच्या शनिवारी भंगारवाला यायचा होता. त्याआधी इंजिन फिरलं तर ट्रॅक्टर राहील, असं ती बोलून गेली. का, ते तिलाही कळलं नाही.

रोज सकाळी तेल ओतायचं, चाकाबरोबर इंजिनही फिरावं म्हणून टॉप गिअर टाकायचा आणि दोघांनी मागचं मोठं चाक पुढे-मागे रेटायचं. चौथ्या दिवशी ती वैतागली. "मोटारीने ओढू या की."

"ओढलंस तर आतलं काहीतरी मोडेल. याची आर्जवंच करावी लागतात."

"पोरींनाही असंच पटवतोस?"

"एखादी पटली असती, तर सकाळी सातला मी इथे असतो का?"

सहाव्या दिवशी चाकावर त्यांचे हात एकमेकांना लागले. कोणीच काढून घेतले नाहीत.

शुक्रवार उजाडला. चाक ढिम्म. भुरभुर पावसात ती हळूच म्हणाली, "हे माझ्यामुळे झालं. ट्रॅक्टरच्या धुराड्यातून इंजिनात पाऊस जाऊ नये म्हणून त्यावर रिकामा डबा पालथा घालायचा... बाबांनी जाताना तेवढंच सांगितलं होतं. मी विसरले असणार. ते डोळ्यांनी बघायला नको, म्हणून दोन वर्षं इथे पाऊल टाकलं नाही."

मॅलकीचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू घातला होतास," तो म्हणाला. "मी काढला. तुझ्या बाबांच्या अंत्यविधीच्या गाड्यांना जागा हवी होती, म्हणून ट्रॅक्टर चालू करून इथे मागे आणला. डबा परत घालायचा... राहिला."

ती त्याच्याकडे वळली.

"दोन वर्षं... आणि एक ओळ लिहिता आली नाही तुला?"

"लिहिली. सातदा. पाठवायचा धीर झाला नाही."

तिने चाक धरलं आणि सगळा संताप खांद्यात आणून रेटा दिला. आत कुठेतरी कट् झालं. चाक वीतभर सरकलं. पुढे पंख्याचं पातं हललं.

इंजिन फिरलं होतं.

"सुरुवात केली माफीसाठी," तो पुटपुटला. "पण नंतर... हे हललं नसतं, तरी मी उद्या आलो असतो. तुझ्यासाठी."

तिने चाक सोडलं नाही. "भंगारवाल्याला फोन करून येऊ नको सांगते. पण मी चिडलेय, मॅलकी."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही. आणि लिव्हरपूलला बसून तुझ्यावर धड रागावताही येणार नाही."

"मग?"

"मग घर विकत नाही." तिने त्याचा तेलकट हात ओढून चाकावर, आपल्या हातावर ठेवला. "आता मागे रेट. हळू."