निळा पंजा

ही गोष्ट खरी आहे. मी मोजमापांत आयुष्य घालवलेली बाई आहे. आकडा हातात असल्याशिवाय बोलत नाही.

इथे आकडा हातात आहे. तोच तर त्रास आहे.

घडलं तेही अंधारात नाही. भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, आमच्या अपघात-चाचणीच्या हॉलमध्ये.

आमच्याकडे अख्खी गाडी फोडत नाहीत. रुळांवर एक लोखंडी चौकट असते, तिला आम्ही स्लेड म्हणतो. तिच्यावर गाडीच्या सीट बसवायच्या, डमी पट्ट्यांनी बांधायची आणि सगळ्यांनी बाहेर पडून दार लावायचं. भोंगा वाजतो. मग मागून दट्ट्या असा हाणतो की पापणी लवायच्या आत अपघात होऊन जातो.

त्याआधी डमीच्या कपाळाला आणि नाकाला ओला निळा रंग लावतात. डोकं कुठे आपटलं ते डागावरून कळतं.

रंग लावणं आणि पट्टे आवळणं हे काम माझ्या दादाचं. सेन्सरच्या नोंदी बघणं माझं. वहिनी वरच्या मजल्यावर डमींचे कपडे शिवते. लहान मुलाएवढ्या डमीला सगळे ठकी म्हणतात.

दादाची मुलगी अपघातात गेली, दादाच्याच गाडीत.

"बाबा, टोचतंय," म्हणाली. त्याने पट्टा सैल केला. दिवसभर पट्टे आवळणाऱ्या माणसाने.

पुढच्याच वळणावर...

तो कामावर परतला तेव्हा नेमकं लहान मुलांच्या सीटचं काम आलेलं.

"दादा, हे तू नको करूस," मी म्हटलं.

"मग कोण करणार? पाना?" पाना म्हणजे आमचा मेकॅनिक. "त्याला स्वतःच्या चपलेचा पट्टा लावता येत नाही."

पाना हसला. दादा हसला नाही. ठकीचे पट्टे त्याने इतके आवळले की खाली बोट जाईना.

भोंगा. मग धाड.

दार उघडून आत गेलो. पुढच्या सीटच्या पाठीवर कपाळाचा डाग होता. तो असायलाच हवा होता.

त्याच्या शेजारी...

एक पंजा होता.

निळा. एवढासा. पाचही बोटं सुटी सुटी.

"दादा, ठकी टाटा करतेय बघा," पाना म्हणाला. आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

ठकीची बोटं सुटी नसतात. तिचा हात म्हणजे रबराचा एकसंध गोळा. आणि हाताला रंग लावलाच नव्हता.

मी वाकून पाहिलं. डावा पट्टा सैल होता.

दोन बोटं जातील एवढा.

दादाने आपला तळहात पंजाशेजारी धरला. बराच वेळ.

"तिचाच आहे," म्हणाला.

वहिनी धावत खाली आली. रडली नाही. त्या रात्री मात्र ती पोटभर जेवली, अपघातानंतर पहिल्यांदा.

मग प्रत्येक चाचणीला पंजा उमटू लागला. प्रत्येक वेळी डावा पट्टा सैल. आता रंग लावायला वहिनीच खाली येते.

ते दोघं पंजा बघतात. मी नोंदी बघते.

ठकीच्या छातीत सेन्सर आहे. स्लेड उभी असताना त्याची रेघ सरळ असते. पहिल्या दिवशी होती.

दुसऱ्या चाचणीला भोंगा वाजला, आणि रेघ थरथरली.

धक्का बसायच्या आधी.

मी वायर बदलली. सेन्सर बदलला. थरथर गेली नाही, उलट ती अलीकडे सरकत आली. भोंग्याच्या आधी. दार लागायच्या आधी. मग पट्टा खांद्यावर येताक्षणीच...

ती शिकत होती. पुढे काय होणार, ते तिला कळायला लागलं होतं.

मी दादाला स्क्रीनसमोर बसवलं. "बघ. ती घाबरते रे. दर वेळी तिला पुन्हा सगळं सोसावं लागतं. थांबव हे."

त्याने त्या रेघेवरून बोट फिरवलं. हळूहळू त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे आहे ती."

"दादा, अरे ऐक तरी!"

"एकदा पट्टा टिकू दे गं," तो म्हणाला. "फक्त एकदा. मग थांबतो."

पट्टा टिकत नाही.

पाना काम सोडून गेला. मी वरच्या साहेबांना रेघा दाखवल्या. ते म्हणाले, वायरिंग तपासा.

आजही चाचणी झाली. दादाने पट्टे आवळले. वहिनी ब्रश घेऊन ठकीसमोर उकिडवी बसली, पूर्वी लेकीची वेणी घालताना बसायची तशी. "डोळे मिट हं, राणी," म्हणाली आणि कपाळावर निळा रंग लावला.

नंतर माझ्या खोलीच्या दारात येऊन तिने रोजच्यासारखं विचारलं, "आज ओळखला का गं माझा हात तिनं?"

"हो," मी म्हटलं.

मी खोटं बोलत नाही. रेघ सगळ्यात जोरात थरथरते, ती वहिनीने हात लावला की.