काळ्या चौकटीतला गणपती

"ताई, असशील तशी निघ. वल्लरीच्या पत्रिकेतला गणपती काळा पडलाय!"

धाकट्या भावाचा, रवींद्रचा फोन होता. उत्तराबाईंनी डोंबिवलीहून रिक्षा केली आणि ठाकुर्ली गाठली. फौजदारकीतून त्या कधीच निवृत्त झाल्या होत्या, पण माहेरची कोडी काही निवृत्त होत नव्हती.

रवींद्रने मोबाइल पुढे केला. लग्नपत्रिकेची पीडीएफ. अक्षरं ठीक, खाली दोन कलश ठीक. वर मात्र गणपतीच्या मागे काळाकुट्ट चौकोन.

"कोलशेतहून वल्लरीच्या होणाऱ्या सासूबाईंचा, हेमांगीबाईंचा फोन आला होता. गुरुजींना विचारल्याशिवाय लग्नाचं पुढे बोलायचं नाही म्हणाल्या. चारचौघांत काय तोंड दाखवू मी?"

"पत्रिका पाठवली कोणी?"

"मीच. वल्लरीने दिली, मी पुढे ढकलली. उघडून कोण बघतंय!"

"तिला हे सांगितलंस?"

"नाही गं. तुझ्याशिवाय कोणालाच नाही."

पत्रिका केली होती रवींद्रच्या पुतण्याने, मुकुलने. उत्तराबाईंनी कारण न सांगता त्याला लॅपटॉप घेऊन बोलावलं. काळा चौकोन बघून पोरगा पांढरा पडला.

"माझीच चूक, आत्या. गणपतीच्या चित्राला मागे काहीच नाही, आरपार आहे. पीडीएफ करताना सेटिंग चुकलं की आरपार जागा काळी येते. पण मी नीट चेक केलेलं!"

"आणि कलश?"

"ते पण तसेच, आरपार."

"मग आता मुद्दाम चूक करून दाखव."

मुकुलने चुकीचं सेटिंग लावलं. गणपती काळा, दोन्ही कलशही काळे. बरोबर सेटिंग लावलं, सगळं स्वच्छ. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, एकटा गणपती काही काळा होईना.

"मूळ फाइल कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे. आणि वल्लरीला मेल केलेली, नावं तपासायला."

तेवढ्यात वल्लरी ऑफिसातून आली. आत्याला पाहून दारातच थबकली.

"ये गं. आज सलिलचा फोन? सासूबाईंचा?"

"कोणाचाच नाही. का?"

"पत्रिकेत काहीतरी बिघाड झालाय. कोलशेतची मंडळी नाराज आहेत."

वल्लरीने पर्स खाली ठेवली. "असणारच ना. गणपतीच काळा म्हटल्यावर कोण पुढे येईल?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. उत्तराबाईंना फार वाईट वाटलं. ही पोर त्यांच्या मांडीवर वाढली होती.

"बिघाड म्हटलं मी. गणपतीचं नाव तूच काढलंस," त्या हळूच म्हणाल्या. "मशीन चुकलं असतं तर कलशही काळे झाले असते. मशीनला शकुन-अपशकुन कळत नाही, माणसाला कळतो. म्हणून कोणीतरी हाताने फक्त गणपतीमागे काळं लावलं. फाइल दोघांकडेच होती. आणि बाबा न उघडता पुढे पाठवतील हे मुकुलला कुठून ठाऊक? पाठवायला त्यांच्या हातात तर तूच दिलीस."

रवींद्र ताडकन उठला. "वल्लरी? अगं, स्वतःच्याच लग्नात?"

"मी नाही म्हटलं होतं, बाबा. साखरपुड्याआधीही आणि नंतरही. सलिलने तेव्हाच बजावलं होतं, नोकरी सोडायची आणि इथे यायचं ते विचारून. तुम्ही माझ्यापुढे हात जोडलेत." ती म्हणाली. "माझं ऐकलं नाहीत. वाटलं, अपशकुनाचं तरी ऐकाल."

मुकुलने लॅपटॉप मिटला.

रवींद्रचा मोबाइल वाजला, त्याने उचलला. हेमांगीबाई. खोलीभर ऐकू येईल असा मोकळा आवाज: "अहो, काळजी नको! गुरुजी म्हणाले, छोटीशी शांत केली की झालं. लग्न ठरल्याप्रमाणेच!"

वल्लरीचा शेवटचा उपायही संपला होता.

रवींद्रने लेकीकडे पाहिलं. पलीकडून "हॅलो, हॅलो" चाललं होतं.

"शांत नको, हेमांगीबाई," तो म्हणाला. "गणपतीला काही झालेलं नाही. माझ्या मुलीला हे लग्न करायचं नाही."